चिंच म्हणजे खजूर नव्हे हे युरोपला सांगणारा निजामशाहाचा वैद्य, ज्याची हाडं गोव्यात उकरून जाळली

होळी झाली की बीड जिल्ह्यात चिंचा झोडपायचा हंगाम येतो. आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत कुठंही जा, बांधावर, ओढ्याच्या काठाला नाहीतर देवळामागं एखादं जुनं चिंचेचं झाड दिसणारच. गडी वर चढून काठीनं फांद्या झोडपतो, खाली चिंचांचा सडा पडतो आणि बाया सावलीला बसून चिंचा फोडायला घेतात. टरफल वेगळं, शिरा वेगळ्या, चिंचोके वेगळे. गर बाजाराला जातो. चिंचोक्याची पावडर कापडाच्या खळीसाठी वापरतात. उरलेले चिंचोके पोरं चुलीत भाजून खातात, नाहीतर एका बाजूनं दगडावर घासून त्याचे फासे करतात.

आमटीत चिंच, साराला चिंच, पितळी तांब्या घासायला पण चिंच. इतकं हे झाड आपलं.

आता गंमत बघा. साधारण साडेचारशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपात असे नामांकित वैद्य होते, ज्यांना वाटायचं की चिंच हे भारतातल्या रानटी खजुराचं फळ आहे. म्हणजे ताडा-माडाच्या जातीतलं झाड, त्याला चिंचा लागतात. औषध म्हणून ते चिंच विकत घ्यायचे, रोग्याला द्यायचे, तिच्यावर पुस्तकं लिहायचे. पण झाड बघितलेलं कुणी नव्हतं.

ही चूक खोडून काढणारा माणूस पोर्तुगीज होता. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. गोव्यात राहायचा, अहमदनगरच्या निजामशाहावर उपचार करायचा, आणि काही काळ मुंबईचं बेटही त्याच्याकडे पट्ट्यानं होतं.

आणि मेल्यानंतर बारा वर्षांनी त्याची हाडं कबरीतून काढून जाळण्यात आली.

सुरुवातीपासून सांगतो.

गार्सियाचे आईवडील स्पेनमधले ज्यू. 1492 साली, म्हणजे कोलंबस अमेरिकेला गेला त्याच वर्षी, स्पेनच्या राजाराणीनं फर्मान काढलं की ज्यूंनी एकतर ख्रिश्चन व्हावं किंवा देश सोडावा. हजारो कुटुंबं शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेली, त्यात हे कुटुंबही होतं. पण पाच वर्षांत तिथंही तेच झालं. 1497 मध्ये पोर्तुगालनं ज्यूंना सक्तीनं ख्रिश्चन करून घेतलं. देश सोडायचीही सोय ठेवली नाही. अशा लोकांना नवे ख्रिश्चन म्हणायचे. कागदावर ख्रिश्चन, रविवारी चर्चमध्ये हजर, पण घराचं दार लावलं की आत काय चालतं याचा संशय कायम मानगुटीवर.

अशा घरात साधारण 1501 च्या सुमारास कास्तेलो द विदे नावाच्या सीमेवरच्या छोट्या गावात गार्सियाचा जन्म झाला. पोरगं हुशार. स्पेनमधल्या सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत शिकला, वैद्य झाला. गावी येऊन दवाखाना टाकला, मग 1530 पासून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायला लागला. माणसानं आयुष्यात अजून काय करायचं असतं?

पण हवा बदलत होती. पोर्तुगालात इन्क्विझिशन आणायच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय. लोकांच्या मनात खरा धर्म कोणता आहे हे शोधणारं, शेजाऱ्यांकडून आणि नातेवाइकांकडून साक्षी घेणारं, आणि दोषी ठरलेल्याला जाळायला सरकारच्या ताब्यात देणारं. 1536 मध्ये ते पोर्तुगालात सुरू झालंच.

त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च 1534 मध्ये, गार्सिया जहाजात बसला होता. मार्तिम आफोन्सो द सोझा हा बडा दर्यासारंग भारताकडे निघाला होता, त्याचा खासगी वैद्य म्हणून. सप्टेंबरमध्ये जहाज गोव्याला लागलं. पुढची चौतीस वर्षं तो इथंच राहिला. परत गेलाच नाही.

सुरुवातीची काही वर्षं त्यानं मार्तिम आफोन्सोबरोबर पश्चिम किनाऱ्यावर मोहिमा केल्या. दीव बघितलं, वसई बघितली. मग गोव्यात बस्तान बसवलं. पोर्तुगीज गव्हर्नर, व्हाइसरॉय यांचा वैद्य झाला. सोबत व्यापारही करायचा, औषधांचा आणि रत्नांचा. नात्यातल्याच एका श्रीमंत घरातल्या मुलीशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. संसार काही गोडीगुलाबीचा नव्हता असं त्याचे चरित्रकार सांगतात.

आता बीड-नगरकडे येऊ.

निजामशाहीचा आणि बीडचा संबंध राजधानी वसण्याच्याही आधीचा. बहमनी राज्याचा वजीर मलिक हसन याच्या जहागिरीत बीड आणि आसपासचा मुलूख होता, आणि तो बघायचा त्याचा मुलगा मलिक अहमद. याच मलिक अहमदनं 1490 मध्ये बहमनींशी फारकत घेऊन स्वतःची गादी उभी केली आणि पुढं अहमदनगर शहर वसवलं, ज्याला आता आपण अहिल्यानगर म्हणतो. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह. वयाच्या सातव्या वर्षी गादीवर बसला आणि 1553 पर्यंत त्यानं राज्य केलं. म्हणजे त्या काळात बीडच्या रयतेचा जो राजा होता, त्याची नाडी बघायला गोव्याहून हा पोर्तुगीज यायचा.

तुम्ही म्हणाल, मुसलमान राजाला ख्रिश्चन वैद्य कशाला? तर निजामशाहीचं चौल बंदर होतं, तिथं पोर्तुगीजांचा किल्ला होता. कधी भांडण, कधी दोस्ती, पण येणं-जाणं कायम होतं. आणि बुऱ्हाणच्या दरबाराला विद्वानांचा षौक होता. इराणहून आलेले पंडित, अरबी जाणणारे हकीम यांची तिथं वर्दळ असायची. इराणी विद्वान शाह ताहिरच्या प्रभावानं बुऱ्हाणनं शिया पंथ स्वीकारला तो याच काळात.

गार्सियासाठी हा दरबार म्हणजे दुसरं विद्यापीठ ठरला. युरोपातले वैद्य इब्न सिनासारख्या अरबी लेखकांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरात वाचायचे, आणि भाषांतरात औषधांच्या नावांचा पार चुराडा झालेला असायचा. इथं ते ग्रंथ मुळातून वाचणारे हकीम समोर बसलेले होते. गार्सियानं लिहून ठेवलंय की सुलतान त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवायचा आणि तो सुलतानाला लॅटिन नावं सांगायचा. राजा आणि वैद्य समोरासमोर बसून एकमेकांकडून शब्द घेतायत, हे चित्रच भारी आहे.

बुऱ्हाणनं त्याला भरपूर पैसा दिला. दरवर्षी काही महिने नगरला येऊन राहायचं या अटीवर मोठं उत्पन्न लावून द्यायचीही तयारी दाखवली. गार्सियानं नकार दिला. मात्र सुलतानाबद्दल तो कायम आदरानं बोलला. दख्खनचे हे राजे कोण, निजाम आणि आदिल या पदव्यांचा अर्थ काय, हे युरोपच्या वाचकाला समजावून सांगणारं एक अख्खं प्रकरण त्यानं आपल्या पुस्तकात घातलंय.

नुसते राजेच नाही. गोव्यातल्या मलुपा नावाच्या हिंदू वैद्याचं नाव तो घेतो. मलबारच्या वैद्यांकडून आव-अतिसारावरचा झाडपाला शिकल्याचं सांगतो. घरची मोलकरीण अंतोनिया बाजारातून, बागेतून ताज्या वनस्पती आणून द्यायची, तिचाही उल्लेख करतो.

1554 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारनं मुंबईचं बेट त्याला पट्ट्यानं दिलं. वर्षाला ठरावीक खंड भरायचा आणि बेट वापरायचं. आज फोर्ट भागात नौदलाच्या ताब्यात जो जुना किल्ला आहे, तिथं त्याचं घर आणि बाग होती. त्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारं आंब्याचं झाड असल्याचं तो अभिमानानं सांगतो, एक बहर नाताळच्या सुमारास, दुसरा मे महिन्याच्या अखेरीस. साष्टीतल्या लेण्यांबद्दल आणि घारापुरीबद्दलही त्यानं लिहिलंय. घारापुरीचं युरोपियन माणसानं केलेलं ते सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी एक.

पण त्याचं नाव राहिलं ते एका पुस्तकामुळं.

गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये, तो भारतातला पहिलाच. 10 एप्रिल 1563 ला त्या शहरात योहानेस द एन्देम नावाच्या मुद्रकानं गार्सियाचं पुस्तक छापलं. भारतातल्या औषधी आणि मसाल्यांवरचे संवाद असा त्याचा विषय. छपाई इतकी चुकांनी भरलेली की मागं पानंच्या पानं शुद्धिपत्र जोडावं लागलं. त्याचा मित्र कामोंइश याची एक कविता पुस्तकात आहे. पुढं हाच कामोंइश पोर्तुगीज भाषेचा महाकवी झाला, पण त्याची छापली गेलेली पहिली कविता ती हीच.

पुस्तक लॅटिनमध्ये नाही, बोलल्या जाणाऱ्या पोर्तुगीजमध्ये. आणि रचना गप्पांची. पोर्तुगालहून रुआनो नावाचा एक वैद्य नुकताच आलाय, पुस्तकं पाठ केलेला. तो प्रश्न विचारतो आणि गार्सिया उत्तरं देतो. रुआनो हे काल्पनिक पात्र. सालामांकात शिकलेला हा रुआनो म्हणजे भारतात येण्याआधीचा गार्सियाच, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. स्वतःच्याच जुन्या चुका स्वतःला समजावून सांगायचा हा प्रकार आहे.

मिरी, लवंग, वेलची, दालचिनी, आलं, हिंग, अफू, भांग, धोतरा, नारळ, आंबा. हिंगाची एक गोष्ट त्यात आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडं उंची घोडा होता, पण त्याला वाताचा भयंकर त्रास, म्हणून राजा घेईना. मालकानं पिठात हिंग कालवून घोड्याला खाऊ घातला, घोडा बरा झाला आणि चांगल्या किमतीला राजानं घेतला.

एका प्रकरणात तो पटकीचं वर्णन करतो. इथल्या पटकीचं इतकं नीट वर्णन त्याआधी कुणा युरोपियन वैद्यानं केलं नव्हतं. त्या रोगाला लोक जे म्हणतात तेच नाव तो लिहितो, मोडशी. आपल्याकडं अजूनही अपचनाला मोडशी झाली म्हणतात, तोच शब्द 1563 च्या पोर्तुगीज पुस्तकात बसलेला आहे.

आणि मग येतं चिंचेचं प्रकरण.

घोळ झाला होता तो नावामुळं. अरब व्यापारी चिंचेला तमर हिंदी म्हणायचे. तमर म्हणजे खजूर, हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा. वाळवून गोळा केलेला काळपट, चिकट गर दिसतोही खजुरासारखाच. तो गर युरोपात पोचला, नाव पोचलं, आणि नावावरून तिथल्या पंडितांनी झाड तयार केलं. खजूर आहे म्हणजे खजुराच्या जातीचंच झाड असणार. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं त्याचा आधार घेतला, तिसऱ्यानं दोघांचा.

गार्सियानं सांगितलं की बाबांनो, तो खजूर नाही. मोठं, भरगच्च झाड असतं, बारीक बारीक पानांचं, त्याला शेंगा लागतात आणि शेंगेत बिया. मलबारात त्याला पुली म्हणतात, गुजरातेत आंबिली. अरबांनी खजूर म्हटलं कारण त्यांना जवळचं दुसरं नाव सुचलं नाही, आणि आत बिया असतात म्हणून. मिठात खारवून चिंच कशी टिकवतात, औषधात कशी वापरतात हेही त्यानं दिलं.

आपल्याला हे वाचून हसू येईल. यात काय शोध लावला, आमच्या आष्टीचं शेंबडं पोरगंही सांगेल. बरोबर आहे. गार्सियाचं मोठेपण त्यातच आहे की त्यानं पोथी बाजूला ठेवून त्या पोराला विचारलं. त्या काळी वैद्यकात ग्रीक आणि रोमन आचार्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गार्सियानं पुस्तकात मोकळेपणानं कबूल केलंय की स्पेनमध्ये असतो तर गालेनच्या आणि ग्रीकांच्या विरोधात बोलायची आपली छाती झाली नसती.

चिंच हरभऱ्या-तुरीच्या कुळातली, हे पुढच्या शास्त्रज्ञांनी शेंगेवरूनच ठरवलं. रात्री तिची पानं मिटतात, हे झाडाखाली राहणाऱ्या माणसाला माहीतच असतं. आणि खरा विनोद तर वेगळाच आहे. वनस्पतीशास्त्रज्ञांच्या मते चिंच मूळची आफ्रिकेची. फार जुन्या काळी ती भारतात आली आणि इथलीच झाली. तरी 1753 मध्ये लिनियसनं तिला शास्त्रीय नाव दिलं ते टॅमरिंडस इंडिका. खजूरही चुकीचं आणि हिंदीही अर्धवट, पण नाव तेच राहिलं.

असो. गार्सियाच्या घरात काय चाललं होतं ते बघू.

तो भारतात सुखात असताना तिकडं लिस्बनमध्ये 1547 साली त्याच्या बहिणींना इन्क्विझिशननं पकडलं होतं. सुटका झाली, आणि 1549 मध्ये त्या गोव्याला भावाकडं आल्या. एवढ्या लांब आल्यावर आता कोण विचारतंय, असं वाटलं असणार. पण 1560 मध्ये गोव्यातच इन्क्विझिशनची कचेरी उघडली.

त्याच्या पुस्तकाचं पहिलं पान बघितलं तर अंगावर काटा येतो. पुस्तक तपासून पाहिलं म्हणून तिथं एका अधिकाऱ्याचं नाव छापलंय, आलेशो दियश फाल्काँव. हा गोव्याचा इन्क्विझिटर. मिरी-लवंगांच्या आणि चिंचेच्या त्या गप्पांत त्याला आक्षेपार्ह काही सापडलं नाही. गार्सिया हयात असेपर्यंत त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. व्हाइसरॉयांचा वैद्य, मोठ्या लोकांत ऊठबस, वशिला भक्कम.

1568 मध्ये गोव्यात गार्सिया वारला. सदुसष्टच्या आसपास वय.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची बहीण कातारिना पकडली गेली. चौकशी झाली, कोंडून ठेवलं, घरच्यांच्याच जबान्या घेतल्या गेल्या. त्या कागदांत नोंद झाली की मेलेला भाऊही मनानं ज्यूच होता, मोशेचा धर्मच खरा असं मानायचा. 25 ऑक्टोबर 1569 ला कातारिनाला गोव्यात जाळून मारलं.

भाऊ तर आधीच गेला होता. पण त्या न्यायालयाला मेलेल्या माणसावरही खटला चालवता यायचा. 1580 च्या डिसेंबरमध्ये गार्सियाला दोषी ठरवून त्याची कबर उकरली, हाडं बाहेर काढली आणि जाहीर समारंभात जाळून टाकली. ज्यानं गोव्याच्या तीन दशकांतल्या बड्या लोकांची पथ्यपाणी सांभाळली, त्याला त्या शहरात कबर उरली नाही. गोव्याचं ते इन्क्विझिशन पुढं 1812 पर्यंत चाललं.

पुस्तकाच्या मूळ प्रती आज जगात मोजक्याच आहेत. तरी ते पुस्तक वाचलं ते एका योगायोगामुळं. छापलं गेल्यानंतर वर्षभरातच, 1564 मध्ये, कार्लुस क्लुसियस नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ पोर्तुगालात आला होता. त्याच्या हाती एक प्रत लागली. त्यानं त्या गप्पाटप्पा काढून टाकल्या, मजकूर आटोपशीर केला आणि 1567 मध्ये अँटवर्पला लॅटिनमध्ये छापला. पंडितांची भाषा लॅटिन, त्यामुळं ते युरोपभर पसरलं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं. गोव्यात हाडं जळत होती तेव्हा तिकडचे वैद्य गार्सियाचाच आधार घेऊन चिंच कसल्या झाडाला लागते ते शिकत होते. पण क्लुसियसच्या कात्रीत मलुपा, अंतोनिया, रुआनो, घोडा, निजामशाहाच्या आठवणी यातलं बरंच काही गेलं. ते पुन्हा सापडायला मूळ पोर्तुगीज पुस्तकाची 19 व्या शतकाच्या अखेरीस निघालेली काउंट फिकाल्यू यांची आवृत्ती यावी लागली.

फिकाल्यूंनी गार्सियाचं मोठं चरित्रही लिहिलं, 1886 मध्ये. त्यात कातारिना जळाल्याचं नाही, हाडं उकरल्याचं नाही. इन्क्विझिशनची ती कागदपत्रं लिस्बनच्या दप्तरात पडून होती. 1934 मध्ये पोर्तुगालातल्याच एका वैद्यानं, आउगुस्तो दा सिल्व्हा कार्व्हाल्यू यानं, ती धुंडाळून छापली तेव्हा साडेतीनशे वर्षांनी जगाला कळलं की या घराचं काय झालं होतं.

1971 मध्ये पोर्तुगाल सरकारनं वीस एस्कुदोच्या नोटेवर गार्सियाचं चित्र छापलं. पणजीला कधी गेलात तर चर्चच्या समोरच्या चौकात नगरपालिकेची बाग आहे, तिला त्याचंच नाव दिलेलं होतं. पर्यटक पायऱ्यांवर चर्चचे फोटो काढतात आणि दमले की त्या बागेत येऊन बसतात.